जे. जे.चे ग्लिसरीन आणि घरातली बाटली

‘अक्सीर’ हा शब्द आपल्या घरांत आजही ऐकू येतो. अमुक काढा खोकल्यावर अक्सीर आहे, असे नानी सहज सांगते. मूळ अरबी ‘अल-इक्सीर’ युरोपात जाऊन ‘एलिक्झिर’ झाला. १९३७ साली अमेरिकेत ‘एलिक्झिर सल्फानिलमाइड’ नावाचे गोड औषध विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत लहान मुलेही होती. औषध विरघळवण्यासाठी कंपनीने डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य वापरले होते. विक्रीपूर्वी औषध सुरक्षित आहे का, हे तपासण्याची सक्ती तेव्हा कायद्यात नव्हती. म्हणून खटला भरता आला तो फक्त चुकीच्या नावाबद्दल, कारण एलिक्झिरमध्ये अल्कोहोल असायला हवे आणि ते यात नव्हते! पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा बदलला.

हेच विष १९८६ साली मुंबईत भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात पोहोचले. मेंदूतील किंवा डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी रुग्णांना तोंडाने ग्लिसरॉल, म्हणजे ग्लिसरीन, दिले जाई. जानेवारी-फेब्रुवारीत ते घेतलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे एकामागून एक निकामी होऊ लागली. चौदा जण मृत्युमुखी पडले. कारखान्यांत वापरायचे, डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरीन औषध म्हणून रुग्णालयात आले होते.

चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. १९८७ मध्ये दिलेल्या अहवालात त्यांनी केवळ पुरवठादाराला दोषी धरले नाही. रुग्णालयाची खरेदी, तिथले डॉक्टर, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्री, सर्वांवर त्यांनी ताशेरे ओढले. तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले.

हे विष इतक्या सहज का मिसळते? ते ग्लिसरीनसारखेच रंगहीन, दाट आणि गोड असते. डोळ्यांना किंवा जिभेला फरक कळत नाही. शिवाय ते स्वस्त असते. प्रयोगशाळेत तपासणी केली तर मात्र ते लपत नाही. म्हणजे इथे गुन्हा दोन ठिकाणी होतो: मिसळणाऱ्याकडे, आणि न तपासता सही करणाऱ्याकडे.

मदिनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घालून पैगंबरांनी (स.) आतला ओलावा विक्रेत्याला दाखवला, हा प्रसंग आपण मुलांना सांगतो. धान्य निदान हातात घेऊन पाहता येते. औषधाचे तसे नाही. बाटलीत काय आहे हे आईला पाहता येत नाही, औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरलाही नाही. त्यामुळे औषध बनवणारा आणि तपासणारा यांच्याकडे आपला जीव अमानत असतो. या अमानतीत खयानत झाली की ती भरून देता येत नाही.

आणि ती पुन्हा झाली. २०२२ मध्ये गाम्बियात भारतातून गेलेल्या सिरपशी संबंधित असे सुमारे सत्तर बालमृत्यू झाले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात ‘कोल्ड्रिफ’ सिरपने वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणले होते. तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात बनलेल्या त्या सिरपच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडले. जवळजवळ अर्धी बाटली विष!

मग आपण काय करावे? ठाण्याचे मानपाडा असो की डोंबिवलीचा मानपाडा रस्ता, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून “खोकल्याचे काहीतरी द्या” म्हणून बाटली आणणे आधी बंद करू या. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याचे औषध देऊ नये आणि पाच वर्षांखालीही ते सहसा देऊ नये. लहानांचा बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. पाणी-पेज आणि विश्रांती द्यावी. वर्षावरील मुलाला चमचाभर शहद चालते, वर्षाखालील बाळाला मुळीच नाही.

डॉक्टरांनी सिरप लिहिलेच तर पक्के बिल घ्या. बॅच नंबर आणि मुदत पाहा. शेजारच्या मुलाची उरलेली बाटली वापरू नका. औषध सुरू असताना उलट्या, पोटदुखी, सुस्ती दिसली किंवा लघवी कमी झाली, तर औषध थांबवून त्याच दिवशी मुलाला रुग्णालयात न्या. बाटली फेकू नका, सोबत न्या. संशय वाटला तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या.

घरातली खबरदारी आपल्या हाती आहे. पण कारखान्यातला पिंप उघडून पाहणे आईचे काम नाही. ते ज्यांचे आहे, त्यांनी ते केले का, हे विचारत राहणे मात्र आपले काम आहे. लेंटिन अहवाल येऊन जवळजवळ चार दशके झाली, तरी तोच प्रश्न उभा आहे.