अहवालातला आकडा आणि समोरचा माणूस

आमच्या परिचयातील एका एकत्र कुटुंबात दोन जावा आहेत. थोरल्या वहिनी पंचेचाळिशीच्या, शाळेत शिक्षिका. गेली आठ वर्षे त्या थायरॉईडची गोळी घेत आहेत. दर सहा महिन्यांनी तपासणी होते. टीएसएचचा आकडा वर गेला की गोळीची मात्रा वाढते, खाली आला की कमी होते. थकवा मात्र जागचा हलत नाही. केस गळतात, पाय ओढल्यासारखे होतात, दुपारच्या तासाला फळ्यासमोर उभे राहणे नकोसे वाटते. तक्रार केली की एकच उत्तर मिळते, ‘वय झाले की असे चालायचेच.’ धाकटी जाऊ तिशीची. तिला कसलाही त्रास नव्हता. कार्यालयातल्या सरसकट तपासणीत तिचा टीएसएच ६ च्या आसपास निघाला. त्याच आठवड्यात तिलाही गोळी सुरू झाली आणि ‘आता ही जन्मभराची’ असा निरोपही मिळाला.

कंटाळलेल्या थोरल्या वहिनी अखेर ‘मूळ कारणावर उपचार’ अशी पाटी लावलेल्या एका केंद्रात गेल्या. तिथे त्यांचे म्हणणे तासभर ऐकून घेतले गेले. आठ वर्षांत हे प्रथमच घडत होते. नंतर चाचण्यांची लांबलचक यादी झाली, सात प्रकारच्या पूरक गोळ्यांच्या बाटल्या घरी आल्या आणि जुनी गोळी ‘कुबडी’ ठरवून बंद करण्यात आली. पहिले दोन आठवडे वहिनींना छान वाटले. तिसऱ्या महिन्यात चेहरा सुजला, आवाज जाड झाला, जिना चढणे अशक्य झाले.

एकाच घरातल्या या दोन कहाण्या आज महाराष्ट्रातील असंख्य मध्यमवर्गीय घरांच्या आहेत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांत केलेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांची थायरॉईड ग्रंथी मंदावलेली आढळली होती आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. घराघरात शिरलेल्या या विकाराबाबत आपण डोळस राहणार की एका टोकावरून दुसऱ्या टोकाकडे झोके घेणार, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

आधी ग्रंथीचे काम समजून घेऊ. गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी टी-४ आणि थोड्या प्रमाणात टी-३ ही संप्रेरके तयार करते. शरीरातील प्रत्येक पेशीच्या कामाचा वेग त्यांवर ठरतो. टी-४ चे अधिक प्रभावी अशा टी-३ मध्ये रूपांतर मुख्यतः ग्रंथीबाहेर, यकृतासारख्या अवयवांत होते. ग्रंथीवर देखरेख असते ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची. टीएसएच ही या मुकादमाची हाक होय. कामगार सुस्तावला की मुकादम आवाज चढवतो. कामगार अति वेगाने काम करू लागला की तो गप्प बसतो. रक्तातील टी-४ थोडेसे कमी झाले तरी ही हाक कितीतरी पटींनी वाढते. म्हणूनच पहिली चाचणी म्हणून टीएसएचला तोड नाही.

परंतु मुकादमच आजारी असेल तर? बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या एखाद्या मातेची पीयूषिका ग्रंथीच निकामी होते. तिला दूध येत नाही, पाळी परतत नाही, थकवा हटत नाही. आणि टीएसएच मात्र साधारण दिसतो, कारण हाक मारणाराच उरलेला नसतो. अशा वेळी टी-४ तपासल्याशिवाय निदान होत नाही. केस वाढावेत म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेने काही यंत्रांवरील चाचण्या फसतात आणि ग्रंथी अति काम करीत असल्याचा खोटा भास होतो. टीएसएच रात्री चढतो, दुपारी उतरतो. एखाद्या आजारातून उठल्यावरही तो तात्पुरता हलतो. आकडा खोटे बोलत नाही हे खरे, पण तो पूर्ण गोष्टही सांगत नाही.

नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवून ‘फंक्शनल मेडिसिन’ नावाचा विचार पुढे आला. अमेरिकेत १९९१ साली त्याची संस्था स्थापन झाली आणि आता आपल्या शहरांतही त्याची केंद्रे दिसू लागली आहेत. अवयवाचे नाव आणि आकडा एवढेच न पाहता त्याचे कार्य का बिघडले हे शोधावे, आहार, झोप, ताण, पचन यांचा एकत्र विचार करावा, अशी त्याची भूमिका आहे. या भूमिकेत चूक काही नाही. रोग्याची प्रकृती, आहार आणि देश-काल पाहून चिकित्सा करावी, हा विचार तर आपल्या आयुर्वेदाने फार पूर्वी मांडला. सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वात, कफ आणि मेद यांनुसार तीन प्रकार सांगितले आहेत. तेव्हा ‘कारण शोधा’ असे कोणी म्हणाले तर ते नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, सांगितलेले कारण खरे आहे हे ठरवायचे कसे?

याचे उत्तर आपल्याच देशातील एका थोर कार्यात आहे. आज हिमाचल प्रदेशात असलेल्या कांगडा खोऱ्यात गलगंडाचे प्रमाण भयावह होते. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून तेथे एक प्रयोग केला. खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडिनयुक्त मीठ दिले, एका विभागाला साधे. काही वर्षांनी पाहिले तर आयोडिन मिळालेल्या भागांत गलगंड लक्षणीय घटला होता, साध्या मिठाच्या भागात तो जवळपास तसाच होता. मग त्या तिसऱ्या विभागालाही आयोडिन देण्यात आले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे हा पुरावा होता. मूळ कारणावर उपचार म्हणतात तो हा! ना महागडी बाटली, ना शंभर चाचण्या. चिमूटभर मीठ आणि तुलनेची प्रामाणिक कसोटी.

ही कांगड्याची कसोटी आजच्या दाव्यांना लावून पाहावी. ‘रिव्हर्स टी-३’ ही चाचणी दरवेळी करून उपचारांची दिशा ठरते काय? तसा पुरावा नाही. सेलेनियमच्या गोळ्यांनी प्रतिपिंडांची संख्या काही रुग्णांत घटते, पण त्यामुळे माणसाला बरे वाटते किंवा गोळी सुटते असे सिद्ध झालेले नाही. प्रयोगशाळेची मर्यादा बाजूला सारून ‘आदर्श’ म्हणून आणखी अरुंद मर्यादा आखली की निरोगी माणसेही रुग्ण ठरतात. सगळ्यांत धोकादायक प्रकार आयोडिनच्या मोठ्या मात्रेचा, समुद्री शेवाळाच्या गोळ्यांचा. शहरी मध्यमवर्गात आज ग्रंथी मंदावण्याचे प्रमुख कारण आयोडिनची कमतरता हे राहिलेले नसून, शरीराच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेला हल्ला हे आहे. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली या विकाराचे प्रथम वर्णन केले. अशा ग्रंथीवर आयोडिनचा मारा केला तर ती आणखी मंदावते. अश्वगंधेसारखे आपले औषधही थायरॉईडची पातळी वाढवू शकते. म्हणून ते वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावे आणि डॉक्टरांनाही सांगावे.

मग गोळी ही कुबडी आहे काय? १८९१ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका गंभीर आजारी स्त्रीला जीवदान दिले. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. १९१४ साली एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे काढले आणि १९२७ साली ते प्रयोगशाळेत तयार झाले. आजची गोळी म्हणजे तेच थायरॉक्सिन, आपली ग्रंथी बनवते त्याच रचनेचे. ग्रंथी कायमची थकली असेल तर बाहेरून घेतलेले थायरॉक्सिन ही शरीराच्या उणिवेची भरपाई असते, कुबडी नव्हे.

शिवाय हे द्रव्य शरीरात दीर्घकाळ टिकते. त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात. गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस म्हणूनच काहीच बिघडत नाही, आणि त्याच काळात सुरू केलेल्या नव्या उपायाला श्रेय मिळते. वहिनींचे ‘छान’ दोन आठवडे हे जुन्याच गोळीचे शिल्लक धन होते.

त्यांची गाडी रुळावर आली ती कुटुंबाच्या जुन्या डॉक्टरांमुळे. त्यांनी आधी अहवाल बाजूला ठेवला आणि विचारले, “वहिनी, गोळी कधी घेत होतात?”

“सकाळी उठल्यावर, चहाबरोबर. रक्तवाढीची आणि कॅल्शियमची गोळीही तेव्हाच. म्हणजे एकदम होऊन जाते, डॉक्टरसाहेब.”

आठ वर्षांचे कोडे या एका वाक्यात सुटले. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात अडवून धरतात; चहा-कॉफीनेही शोषण घटते. ती गोळी पोटात जात होती, रक्तात पुरेशी पोहोचत नव्हती. पुढे रक्त तपासले तर हिमोग्लोबिनही बरेच कमी. लोहाच्या कमतरतेचा थकवा आणि गळणारे केस थायरॉईडच्या खात्यावर जमा होत होते. आणि थायरॉईडची संप्रेरके बनवणाऱ्या विकरालाही लोह लागतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या होत्या, हे येथे विसरता येत नाही. गोळी पुन्हा सुरू झाली, वेळा बदलल्या, लोह वेगळ्या वेळी दिले गेले. चार महिन्यांत वहिनी पुन्हा दुपारचे तास घेऊ लागल्या. धाकटीची चाचणी गोळी थांबवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीन महिन्यांनी पुन्हा केली. टीएसएच साधारण निघाला. आता ती केवळ ठरावीक काळाने तपासणी करते. कार्यलक्ष्यी दृष्टी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

यातून प्रत्येक घराने काही गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्यावी. चहा-नाश्त्यात अर्धा ते एक तासाचे अंतर ठेवावे. लोह आणि कॅल्शियम चार तासांनंतर. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच पुन्हा चाचणी करावी, त्याआधीचा आकडा दिशाभूल करतो. टीएसएच किंचित वाढलेला असेल आणि लक्षणे नसतील तर चाचणी पुन्हा करून, सोबत टी-४ आणि गरजेनुसार प्रतिपिंडे पाहून मगच निर्णय घ्यावा. पासष्टी ओलांडलेल्या अशा रुग्णांवर युरोपात झालेल्या मोठ्या चाचणीत गोळीने थकव्यात वा लक्षणांत फरक पडला नाही, असे २०१७ साली दिसून आले. उलट गरोदरपणात विलंब परवडत नाही. पहिल्या महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर चालते. गोळी चालू असलेल्या स्त्रीने दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना गाठावे, कारण बहुतेक वेळा मात्रा वाढवावी लागते.

मिठाबद्दलही बोलले पाहिजे. आयोडिनविरहित मीठ खाण्यासाठी विकण्यावर १९९७ साली केंद्राने बंदीची अधिसूचना काढली, २००० साली ती उठली आणि २००५ साली पुन्हा आली. सक्ती असावी की नसावी यावर आपल्याकडे हिरिरीने वाद झाला. वाद करण्यास हरकत नव्हती. पण शरीराला रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडिन लागते आणि ते बाहेरूनच घ्यावे लागते, हे निसर्गाचे विधान आहे. आज अनेक घरांत ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या स्वयंपाकात सैंधव आले आहे. त्यात सहसा पुरेसे आयोडिन नसते. उपवासाला ते जरूर वापरावे, पण रोजच्या भाजी-आमटीत, आणि विशेषतः गरोदर सुनेच्या ताटात, आयोडिनयुक्त मीठच असावे.

वस्त्यांवर आरोग्य शिबिरे घेणाऱ्या कार्यकर्त्यांना एक विनंती. सरसकट टीएसएच तपासून शेकडो अहवाल वाटणे म्हणजे सेवा पूर्ण झाली असे मानू नये. त्याहून मोलाचे काम नवजात बालकांचे आहे. हजार-दीड हजार बालकांमागे एखादे मूल जन्मतःच पुरेसे थायरॉक्सिन नसलेले असते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाने ते ओळखता येते आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर त्याची बुद्धी वाचते. उशीर झाला तर ती हानी भरून निघत नाही. आपल्या परिसरातील प्रत्येक प्रसूतिगृहात ही चाचणी होते का, हे विचारायला कोणत्याही पदवीची गरज नाही.

आकड्याला देव मानणे आणि आकड्याला झिडकारणे, ही दोन्ही आंधळेपणाचीच रूपे आहेत. वहिनींना बरे केले ते कोणत्याही नव्या चाचणीने नव्हे, वेळेवर विचारलेल्या एका साध्या प्रश्नाने. तो प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही, तर आपण स्वतःहून त्यांना सांगावे: गोळी कधी घेतो, बरोबर काय घेतो, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, आणि खरोखर कसे वाटते.