कोकणाची आडवी वाट

कोकण रेल्वे १ मे १९९८ रोजी राष्ट्राला अर्पण झाली. रोहे ते ठोकूर ७४१ किलोमीटर, नव्वदांवर बोगदे, सुमारे दोन हजार पूल; केंद्राच्या ५१ टक्के भांडवलाला चार राज्यांची जोड. स्थापत्यशास्त्राचा हा पराक्रम निर्विवाद होय. तथापि गाडी आली की मागोमाग उद्योग येतील, ही अपेक्षा रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत फारशी फळास आली नाही. याचा दोष कोकणी माणसाच्या आळसावर ढकलण्याची प्रथा आहे. ती सोयीची खरी. पण कारण भूगोलात शोधावयास हवे.

कोकणाचा व्यापार पूर्वी उत्तर-दक्षिण चालत नसे. सतराव्या शतकात इंग्रजांनी राजापूरला वखार घातली ती काही राजापूरच्या मालासाठी नव्हे. देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून अणुस्कुऱ्यासारख्या घाटांनी खाली उतरे आणि खाडीतून गलबतांवर चढे. बंदर जगते ते पाठीमागच्या मुलखावर. १८९१ साली रेल्वे कोल्हापुरास पोहोचली, देशावरच्या मालाला मुंबईची सरळ वाट सापडली आणि आधीच गाळाने भरत चाललेल्या खाड्यांचा उरलासुरला व्यापारही आटला.

नवा लोहमार्ग किनाऱ्याला समांतर धावतो. घाटमाथ्याशी तुटलेला सांधा त्याने जोडलेला नाही. १९९९ पासून मालमोटारी वाघिणींवर चढवून कोलाडहून वेर्णे व सुरतकलला नेल्या जातात. योजना कल्पक आहे, परंतु तो माल कोकणातून जातो, कोकणात थांबत नाही. हापूस मुख्यतः ट्रकनेच वाशीला जातो, आणि त्यात बागायतदाराचा हट्ट नाही. नाशवंत फळाची थोडी थोडी पेटी दोनदा चढवा-उतरवायची, तर रेल्वेभाड्यातली बचत हाताळणीतच संपते.

कोल्हापूर-वैभववाडी या सुमारे १०७ किलोमीटरच्या मार्गाचे महत्त्व येथे आहे. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्याला स्थान मिळाले. रूळ अद्याप पडलेले नाहीत. घाट अवघड, खर्च अफाट, आणि वाहतूक पुरेशी नाही, असे आक्षेप घेतले जातात. पहिले दोन खरे आहेत. तिसरा मात्र विचित्र आहे: पूल नसलेल्या नदीतून किती माणसे पोहून जातात हे मोजून पुलाची गरज ठरवण्यासारखा.

अर्थात केवळ या मार्गानेही भागणार नाही. जयगडचे खोल पाण्याचे बंदर २००९ पासून चालू असूनही लोहमार्गाने जोडलेले नाही. कोकण रेल्वे स्वतः बव्हंशी एकेरी आहे. रोहे-वीर एवढाच टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. शिवाय रूळ दोन्ही दिशांना नेतात. आजवर त्यांनी कोकणातून मुंबईला माणसेच अधिक नेली.

कोल्हापूरपासून रत्नागिरीचा किनारा दीडशे किलोमीटरांच्या आत आहे, मुंबई पावणेचारशेच्या घरात. तरीही शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले ओतीव भाग निर्यातीसाठी निघतात ते मुंबईच्याच रस्त्याने.