आम्लाची गोळी आणि न तपासलेला जंतू

निरोगी जठराच्या अस्तरात लसिकापेशींच्या वसाहती नसतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी त्या वसवतो. वर्षानुवर्षे चेतवल्या गेलेल्या बी-पेशींतून क्वचित ‘माल्ट’ लिम्फोमा उद्भवतो. १९९३ साली वोदरस्पून, आयझॅक्सन आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की सहापैकी पाच रुग्णांत ही गाठ जंतू नष्ट करताच ओसरली. केमोथेरपी नाही, शस्त्रक्रिया नाही!

मग जयपुरात काय, जळगावात काय, पोट जळले की पँटोप्राझोल महिनोन्महिने का गिळले जाते? ते एकटे हा जंतू नष्ट करीत नाही. उलट त्याला दबवून श्वासचाचणीला चकवते. म्हणूनच चाचणीपूर्वी ते दोन आठवडे बंद ठेवावे लागते.

‘हा जंतू कोट्यवधी भारतीयांच्या पोटात आहे, लिम्फोमा कितीजणांना होतो?’ हा युक्तिवाद अर्धाच खरा. सरसकट तपासणी कोण मागतो आहे? प्रश्न दीर्घकाळ अपचनाने त्रासलेल्यांचा आहे. शिवाय ११ व १८ या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली गाठ प्रतिजैविकांना सहसा दाद देत नाही, आणि ते ऊतक तपासल्याविना कळत नाही. एंडोस्कोपी केल्यावरही बायोप्सी टाळणे कोणत्या शास्त्रात बसते?