आधी बसायला जागा द्या

पुण्याच्या पेठा बघायला जायचं म्हटलं आणि जाणारा सत्तरी ओलांडलेला असला, की एक सल्ला हमखास मिळतो. आता या वयात कशाला दगदग? नातवाला सांगा, तो मोबाइलवर शनिवारवाडा चारही बाजूंनी फिरवून दाखवेल. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणूनच तो खोडून काढणं जिवावर येतं. तरी खोडायलाच हवा. ऐतिहासिक शहर तरण्याताठ्या पायांसाठीच असतं आणि काठी टेकत येणारा तिथे आगंतुक, असं त्यात गृहीत धरलेलं आहे आणि ते साफ चूक आहे.

जुनं पुणं थांबत थांबत चालणाऱ्यांचं होतं. वाड्याच्या दाराशी ओटा, आत ओसरी, वाटेत पिंपळाचा पार, देवळाला सभामंडप, नदीला घाट, कात्रजहून पेशव्यांनी आणलेल्या पाण्याचे हौद आणि त्यांच्या कडेला कट्टे. थोडं चाललं की टेकायला काही ना काही सापडायचंच. ज्याला तेवढंही झेपत नसे आणि ज्याची ऐपत असे, त्याच्यासाठी पालखी होती, मेणा होता. (ऐपत नसलेल्यांचे हाल तेव्हाही होत. पेशवाईची आरती ओवाळायला मी हे लिहीत नाही.) पुढे ओटे रस्तारुंदीत गेले, वाड्यांच्या जागी इमारती उठल्या, आणि पदपथ म्हणून जे उरलं त्यावर दुचाक्या चढल्या. आजच्या म्हाताऱ्या माणसाची वाट अठराव्या शतकानं अडवलेली नाही, कालपरवा लावलेल्या स्कूटरनं अडवली आहे.

वारसाप्रेमींचा आक्षेप जास्त वजनदार आहे. रॅम्प, कठडे, बाक आणून बसवले की वास्तूचं मूळ रूप बिघडतं, असं ते म्हणतात. अथेन्सच्या अक्रॉपोलिसवर हा वाद जोरात झाला. 2020 साली तिथे टेकडीच्या कडेनं वर जाणारी नवी लिफ्ट बसली आणि वरच्या खडकाळ जमिनीवर काँक्रीटच्या वाटा टाकल्या गेल्या. त्या वाटांवर पुरातत्त्वज्ञांनी कडक टीका केली. ती टीका मला बऱ्याच अंशी पटते. सोय करायची म्हणून दिसेल तिथे काँक्रीट ओतावं असं नाही. पण त्या टीकेतून निष्कर्ष निघतो तो एवढाच, की जी भर घालायची ती हलकी आणि उद्या काढून टाकता येईल अशी हवी. लाकडी उतार, सुटा कठडा, उचलून हलवता येणारा बाक. 12 फूट लांबीत 1 फूट चढ हे प्रमाण धरलं तर सहा इंची पायरीला सहा फुटांची फळी पुरते. एवढ्यानं कोणत्या वास्तूचं रूप बिघडतं? आणि मूळ रूपाची एवढीच चाड असेल तर दिंडी दरवाज्याशी लोंबणाऱ्या वायरी आणि देवळाच्या भिंतीला टेकलेल्या टपऱ्या कशा खपतात? म्हातारीसाठी कठडा लावायचा म्हटलं की मात्र इतिहास आठवतो.

‘असे येतात तरी कितीजण?’ या प्रश्नात फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. 2011च्या जनगणनेत साठीच्या पुढचे लोक देशात दहा कोटींच्या वर होते. ते येत नाहीत कारण त्यांना येता येत नाही. कायदाही बाजूनं उभा आहे. 2016च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचे नियम 2017 साली आले आणि त्यानंतर पाच वर्षांत सार्वजनिक इमारती सुगम व्हायच्या होत्या. 2024च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, की सुगमतेचे निकष ऐच्छिक ठेवून भागणार नाही, ते बंधनकारक करा. गुडघे गेलेला माणूस स्वतःला दिव्यांग म्हणवून घेत नाही हे खरं, पण पायरी दोघांना सारखीच अडवते.

आता आमच्या बाजूच्या लोकांशीही थोडं भांडतो. सोय म्हटली की त्यांच्या डोळ्यांपुढे यंत्रच येतं. रायगडावर रोपवे आहे, चांगलाच आहे. पण वर उतरल्यावर बाजारपेठेतून जगदीश्वरापर्यंत आणि समाधीपर्यंत पायीच जायचं असतं, ते कसं? पुण्यात 29 सप्टेंबर 2024ला भुयारी मेट्रो मंडईपर्यंत सुरू झाली. जमिनीच्या पोटातून लिफ्ट अलगद रस्त्यावर आणून सोडते, आणि पदपथाच्या पहिल्याच उंच कडेशी पाय थबकतो. कोट्यवधींची सोय वीतभर कडेपाशी संपते. म्हणून माझं मागणं यंत्राचं नाहीच. पर्वती राहू द्या, त्या 103 पायऱ्या ज्यांना चढता येतात त्यांनी चढाव्यात, आम्ही खालून हात जोडू. सगळंच सगळ्यांना मिळालं पाहिजे असा हट्ट नाही.

मागणं साधं आहे. दर दीडशे-दोनशे पावलांवर बाक, पाठ असलेला आणि हात असलेला. हात नसतील तर बसता येतं, उठता येत नाही, हे बाकाचं चित्र काढणाऱ्या तरुण वास्तुरचनाकाराला कुणीतरी सांगायला हवं. आणि स्वच्छतागृह. याबद्दल मोकळेपणानं कुणी बोलत नाही, पण कितीतरी ज्येष्ठ मंडळी सहलीच्या दिवशी सकाळची लघवीची गोळी चुकवतात आणि दुपारपर्यंत घोटभर पाणीही पीत नाहीत. अशा माणसाला चक्कर आली की पुन्हा सगळे म्हणायला मोकळे, या वयात कशाला आलात!

खरं सांगायचं तर बसून पाहणाराच नीट पाहतो. एका दिवसात डझनभर ठिकाणं उरकणाऱ्या सहलीत तुळशीबाग म्हणजे बांगड्या आणि पर्स. राममंदिराच्या सभामंडपात अर्धा तास टेकलं, की लाकडी खांब दिसतात, मग नजर शिखरावरच्या चुन्यातल्या मूर्तींवर चढते, आणि बाजाराचा कोलाहल दहा हातांवर असून ऐकू येईनासा होतो. गंज पेठेतला फुले वाडा तर बसून पाहण्यासाठीच असावा असा बैठा आहे. 1868 साली जोतिरावांनी अस्पृश्यांना खुला केलेला हौद याच अंगणातला. तिथे बसून ती हकिगत ऐकणं आणि उभ्याउभ्या पाटी वाचून निघणं यांत फरक पडतोच. आगाखान पॅलेसमध्ये 15 ऑगस्ट 1942ला गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई गेले आणि 22 फेब्रुवारी 1944ला कस्तुरबा. मागच्या बाजूला दोघांच्या समाध्या आहेत. तिथे घाईनं फोटो काढणाऱ्यांच्या मागे एखादी आजी शांत बसलेली असते. बघायला ती आलेली असते, बाकीचे आलेले असतात जाऊन आलो म्हणायला.

तेव्हा पेठांमधून जसे पायी वारसा फेरफटके निघतात, तसे बैठे फेरफटकेही निघावेत. तीन ठिकाणं, मधलं अंतर रिक्षानं, प्रत्येक ठिकाणी खुर्च्या आणि पाऊण तास गोष्ट सांगणारा माणूस. खर्च फारसा नाही. खुर्च्या तर प्रत्येक गणपती मंडळाकडे रचून ठेवलेल्याच असतात.

आणि रस्ते? 11 डिसेंबर 2021ला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद केला होता, तेव्हा पेठेतल्या दुनियेचं काही बुडालं नाही. तसाच तो, आणि त्याच्याबरोबर मंडईपासून तुळशीबागेपर्यंतचा पट्टा, रोज सकाळी आठ ते दहा मोकळा ठेवावा. व्यापारी हरकत घेतील, पण त्यांची बहुतेक दुकानं तरी कुठे दहाच्या आत उघडतात?