‘वय झालंय’ हे निदान नव्हे

माझी दादी सोलापुरात बिड्या वळायची. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांची हजार बिडी. शाळेची पायरी ती कधी चढली नाही, पण कारखान्यात कुणी एक कट्टा कमी मोजला तर तिथल्या तिथे पकडायची. याच दादीचा हिशेब एके दिवशी चुकायला लागला. मग मगरिबच्या किती रकात झाल्या ते आठवेना. गॅसवर दूध ठेवून ती शेजारी जाऊन बसू लागली.

आम्ही काय केलं? हसलो. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणालो. मोहल्ल्यातून कुणी सांगितलं, नजर लागली, ताविज आला. एका डॉक्टरांनी तिच्याकडे न बघताच अब्बूंना सांगितलं, “वय झालंय, घरी सांभाळा.” या एका वाक्यावर आमची दोन वर्षं गेली.

माझं भांडण या वाक्याशी आहे. ते अडाणी माणूस बोलतो तसंच शिकलेलाही बोलतो, आणि डॉक्टर बोलला की त्याला औषधाच्या चिठ्ठीचं वजन येतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या शंभरातल्या साधारण सात जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा बायकांत, शहरापेक्षा खेड्यात आणि न शिकलेल्यांत तो जास्त आढळला. म्हणजे ज्यांचं बोलणं घरात आधीच कुणी मनावर घेत नाही, त्यांच्याच वाट्याला. पण शंभरातल्या त्र्याण्णव जणांना तो नाही, हेही त्याच आकड्यात आहे. मग हा आजार ‘वय’ कसा?

पुढे मोठ्या दवाखान्यात दादीची चाचणी झाली. शंभरातून सात वजा करा, त्यातून पुन्हा सात. एक वाक्य लिहा. महिना कोणता? दादी म्हणाली, “शाबान.” उत्तर अगदी बरोबर होतं. कागदावर तिला शून्य मिळालं. तीस गुणांची ही चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. न शिकलेल्यांसाठी तिचं हिंदी रूप आपल्याच देशात, हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासासाठी १९९०च्या दशकात बनवलं गेलं. म्हणजे सोय करता येते. करायची इच्छा हवी.

म्हणूनच ‘स्मरणशक्ती तपासणी शिबिर’ असा फलक लावून सरसकट सगळ्या म्हाताऱ्यांना रांगेत बसवण्याच्याही मी विरोधात आहे. चुकीच्या भाषेतला चुकीचा प्रश्न विचारून कुणाच्याही कपाळावर ‘वेडी’ असा शिक्का बसू शकतो, आणि शिबिराचा मंडप उठल्यावर तो पुसायला कुणी येत नाही. इंग्लंडमध्ये २०१४ साली डॉक्टरांना डिमेन्शियाच्या प्रत्येक नव्या निदानामागे ५५ पौंड देण्याची योजना आली. डॉक्टर आणि रुग्णसंघटनांनीच टीकेची झोड उठवली, आणि काही महिन्यांत ती बंद झाली. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनेही २०२० मध्ये सांगितलं, की लक्षणं नसलेल्या वृद्धांची सरसकट चाळणी लावावी की नाही, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही.

पण इथेच एक लबाडी होते. ‘लक्षणं नसलेल्यांची’ हे शब्द गाळून काही जण म्हणतात, “तपासून उपयोग काय? इलाज तर नाही.” जिचा हिशेब चुकतोय, गॅस चालू राहतोय, तिला तपासणं ही चाळणी नव्हे. तो तिचा हक्क आहे.

आणि उपयोग काय, ते ऐका. दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी शंभरातून सात वजा करायला लावलंच नाही. अम्मीला विचारलं, “दोन वर्षांपूर्वी त्या काय करायच्या, जे आता जमत नाही?” मग रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं, कान तपासले. बी-१२ फार कमी निघालं. इंजेक्शनं घेतल्यावर दादी थोडी सावध झाली. आजार राहिला, पण धुकं जरा विरळ झालं. नैराश्य, थायरॉइड, बी-१२ची कमतरता, बहिरेपणा, हे सगळं विसराळूपणासारखं दिसू शकतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. ‘वय झालंय’ म्हणणारा ते शोधायचंच टाळतो.

आमचं खरं नुकसान मात्र वेगळं झालं. दादी नेहमी म्हणायची, मागची खोली माझ्या लेकीला. तलाकनंतर फुफी तिथेच राहते. हिबा करायचा तर देणाऱ्याला आपण काय देतोय याची समज हवी. निदान झालं तोवर दादीचा शब्द कुणी धरायला तयार नव्हतं. आज त्या खोलीवरून घरात वाद आहे. दोन वर्षं आधी कळलं असतं, तर दादीने स्वतः ठरवलं असतं. उशिरा झालेलं निदान म्हातारीचा आवाज काढून घेतं, आणि मग तिच्या वतीने बोलायला घरातले पुरुष पुढे येतात. सांभाळायला मात्र अम्मीच असते, रात्री तीनला उठणारी.

दोस्तांनो, आईबापांच्या म्हातारपणाशी कसं वागावं यावर आपण खुत्बे ऐकत मोठे झालो. त्यांना ‘उफ्’ म्हणू नये हे आपल्याला पाठ आहे. पण त्यांच्या विसरण्यावर हसणं हे काय आहे?

आशाताईंच्या फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न असतो: जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? तुमच्या वस्तीत तो विचारला जातो का, बघा. उत्तर ‘हो’ आलं तर पुढे कुठे पाठवतात, हे आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. उत्तर मिळालं नाही तर लेखी विचारा, चार जण मिळून विचारा. आणि डॉक्टर ‘वय झालंय’ म्हणाले, तर खुर्चीवरून उठू नका. म्हणा, “वय आम्हाला माहीत आहे. आजार कोणता, ते सांगा.”