'हिव' हा शब्द ग्राम्य आहे काय?

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाच्या एका उत्तरपत्रिकेत 'पहाटे हिव वाजत होते' असे वाक्य आले होते. प्रस्तुत लेखकाने 'हिव' या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि समासात 'थंडी' असे लिहिले. ती रेघ चुकीची होती. ही चूक एका शब्दापुरती नसून आपल्या अध्यापनदृष्टीची आहे, म्हणून तिची येथे चर्चा करणे उचित वाटते.

'हिव' हे संस्कृत 'हिम' या शब्दाचे सरळ तद्भव रूप. दोन स्वरांमधील 'म'चा सानुनासिक 'व' होणे हा मराठीच्या घडणीतील परिचित ध्वनिनियम होय. ग्राम–गाव, नाम–नाव, कोमल–कोवळा ही त्याचीच उदाहरणे. 'हिंव' या जुन्या लेखनातील अनुस्वार त्या अनुनासिकाची खूण आहे. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७च्या आवृत्तीतही हा शब्द नोंदलेला आहे.

दख्खनेत बर्फ पडत नाही, म्हणून 'बर्फ' हा अर्थ सौम्य होऊन 'थंडी' झाला, असे स्पष्टीकरण वर्गात सहज दिले जाते. ते टिकत नाही. वैदिक भाषेत 'हिम' म्हणजे थंडी, हिवाळा असाही अर्थ आहे. तेथे वर्षांची गणनाही हिवाळ्यांनी केलेली आढळते. लॅटिन 'हिएम्स' आणि रशियन 'झिमा' हे सगोत्र शब्दही हिवाळ्याचेच वाचक आहेत. तात्पर्य, 'हिव'ने अर्थ बदललेला नाही. जुना अर्थ सांभाळला आहे.

याउलट 'थंड' हा शब्द सामान्यतः 'स्तब्ध'शी जोडला जातो. पालीतील 'थद्ध' म्हणजे ताठ, कठीण. गारठ्याने अंग ताठरते, या अनुभवातून तो लक्षणेने आजच्या अर्थाला आला असावा. म्हणजे आपण प्रमाण मानतो तो शब्द लाक्षणिक, आणि ग्राम्य म्हणून खोडतो तो मूळ अर्थाचा!

'हिवाळा' आपल्याला चालतो. 'जिल्हा हिवताप अधिकारी' हे तर शासकीय पदनाम आहे. मग सुटा 'हिव'च का खटकतो? तो कोणाच्या तोंडी आहे, हे आपण पाहतो. शब्द पाहत नाही.

तथापि संस्कृत कुळ सिद्ध झाले म्हणून 'हिव' शिष्ट ठरवणे ही दुसरी चूक ठरेल. 'हुडहुडी', 'काकडणे' यांचे कूळ सापडो वा न सापडो, त्यांचा अधिकार वापरातून येतो. गारवा सुखावतो, गारठा बोचतो, तापापूर्वी हिव भरते. या छटा 'थंडी' या एका शब्दात मावत नाहीत. पर्याय म्हणून एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसवला की एक अनुभवही खोडला जातो.

म्हणून उत्तरपत्रिकेत असा शब्द भेटल्यास रेघ ओढण्याआधी कोश उघडावा आणि तो शब्द लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला विचारावे, की तुमच्याकडे हा कसा वापरतात? व्युत्पत्तीचा तास तेथून सुरू व्हावा. त्या विद्यार्थ्याला हे विचारायचे मात्र माझ्याकडून राहून गेले.