जुना प्रोसेसर, दोन वर्षांची सोय

२०२५ च्या अखेरीस रॅम घ्यायला गेलेली अनेक गिऱ्हाइके भाव ऐकून रिकाम्या हाताने परतली. एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी चिप्सची मागणी एवढी वाढवली की, मायक्रॉनने डिसेंबरमध्ये ‘क्रुशियल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. पाच-सहा वर्षांपूर्वी घरच्यांच्या मागे लागून पहिला गेमिंग पीसी जोडून घेतलेल्या सोलापूरच्या पोरांनाही याची झळ बसते. एएमडीचा नव्या पिढीचा प्रोसेसर घ्यायचा म्हटले की मदरबोर्ड बदलावा लागतो, आणि त्या बोर्डाला डीडीआर५ रॅमच लागते. एका भागासाठी निघालेला मुलगा तीन भागांचे हप्ते बांधून घरी येतो.

हे हप्ते टाळता येतात. आहे त्याच बोर्डावर बसणारा वापरलेला प्रोसेसर घ्यावा आणि दोन वर्षे निभावून न्यावीत.

एएमडीचा एएम४ सॉकेट या कामी फार उपयोगाचा. २०१७ मध्ये पहिले रायझन त्यावर आले आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेला ५७००एक्स३डी देखील त्याच सॉकेटचा. बी४५० बोर्डावरचा चार कोरचा रायझन ३ ३२००जी काढून रायझन ५ ५६०० बसवला, तर सहा कोर आणि बारा थ्रेड मिळतात. दोन्ही ६५ वॅटचे, त्यामुळे तेवढ्यासाठी एसएमपीएस बदलावा लागत नाही. रॅमही तीच चालते.

पण इथेच दोन खड्डे आहेत. ३२००जीमध्ये ग्राफिक्स अंगचे असते, ५६०० मध्ये नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर तो बसवला की पडद्यावर काहीच दिसत नाही. दुसरे म्हणजे बायोसचे अपडेट जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करून घ्यायचे. ते राहून गेले तर मशीन सुरू होत नाही आणि चांगला माल देणाऱ्या विक्रेत्यावर उगाच आळ येतो. इंटेलवाल्यांचा घोळ आणखी वेगळा. सहाव्या आणि आठव्या पिढीच्या सॉकेटचा क्रमांक एकच, ११५१. तरीही एच११० बोर्डावर आय७-८७०० चालत नाही.

मुळात दुखणे प्रोसेसरचेच आहे का, हेही आधी पाहावे. गेम चालू असताना टास्क मॅनेजर उघडला की कळते. ग्राफिक्स कार्ड शंभर टक्क्यांना भिडलेले असेल, तर नव्या प्रोसेसरने फारसा फरक पडणार नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये मात्र बहुतेक वेळा प्रोसेसरच धापा टाकत असतो.

वापरलेल्या प्रोसेसरची लोकांना वाटते तेवढी भीती बाळगायचे कारण नाही. त्यात फिरणारा, घासणारा भाग नसतो. अपवाद आहे तो इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या श्रेणीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचा. जादा व्होल्टेजमुळे ते अस्थिर होत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच बिघडलेली चिप मात्र त्या दुरुस्तीने सुधारत नाही. असा प्रोसेसर स्वस्तात मिळाला तरी नको. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका लागते. त्यामुळे चौथ्या पिढीचा आय७ आणि चिनी बोर्डांसोबत येणारे जुने झिऑनचे संच हे पैसे वाया घालवणेच आहे.

सोलापूरची खरी अडचण बाजाराची आहे. सुट्या भागांची मोठी बाजारपेठ म्हणजे पुण्याची तापकीर गल्ली, नाहीतर सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री परतता येते, पण एका प्रोसेसरसाठी दिवस मोडतो. कुरिअरने मागवावा, तर एएम४ प्रोसेसरच्या पोटाखाली १३३१ नाजूक पिना असतात आणि त्यातली एक वाकली तरी नवे दुखणे मागे लागते.

म्हणून हा व्यवहार शहरातच उभा राहायला हवा. मशीन अपग्रेड करून देणाऱ्या दुकानांकडे जुने प्रोसेसर येतातच. ते गिऱ्हाइकासमोर बोर्डावर चढवावेत, अर्धा तास पूर्ण भार देऊन तापमान दाखवावे. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा ही तपासणी वरवरची असून चालणार नाही. वापरलेले यंत्र पारखून घेणे यंत्रमागाच्या गावाला शिकवावे लागू नये. तोंडी ‘टेस्टिंग वॉरंटी’ पुरेशी नाही. पक्के बिल, त्यावर प्रोसेसरचे मॉडेल आणि पंधरा दिवसांत बदलून देण्याची लेखी हमी, एवढे दुकानदारांनी द्यावे आणि पालकांनीही पैसे मोजण्याआधी तेवढे मागावे.